चोचीच्या कोपऱ्यातला पिवळा

"ह्यो पिवळो खंयसून इलो?" भाईनं चित्र खिडकीपाशी नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद अगदी नाकाशी धरला.

मी परसातल्या विहिरीवर वाकलेल्या उंबराकडे बोट दाखवलं. "थंयसून."

चित्रात उंबराच्या पिकल्या फळाशी वाकून बसलेला एक हिरवागार पक्षी होता. डोकं हिरवं, गळा हिरवा, पाठ हिरवी. पानात बसला तर पानालाही कळू नये असा. फक्त खांद्यावर निळ्याची एक चिमूट होती आणि चोच जिथे गालाला मिळते त्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा. तो मोहरीएवढा पिवळा भाईच्या डोळ्यात गेला होता.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, मुकुंद चितारी. सावंतवाडीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. गावात त्याला 'पक्षीवाले सर' म्हणत आणि तो ते कानाआड करतोय असं दाखवत मनातून फुगत असे. मी कुंदा, त्याची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी. लग्न झालं नव्हतं, म्हणून भाई-वहिनीच्या घरात मागची पडवी माझी होती. तिथेच माझं टेबल, माझे ब्रश आणि समोर तो उंबर.

भाईचं पुस्तक होत आलं होतं. 'कोकणातील फळभक्षी पक्षी : ओळख आणि सवयी'. मजकूर त्याचा, चित्रं माझी. कितीतरी वर्षं मी शाळेत जाण्याआधीचा वेळ त्या पुस्तकाला दिला होता. हळद्या, कुटुर्गा, तांबट, हरियाल, बुलबुलांच्या जाती, सगळे मी त्या पडवीत बसून नाहीतर भाईच्या मागून रान तुडवून काढले. एकदा चतुर्थीला पानावर बसल्या बसल्या, वहिनीच्या देखत, भाईनं शब्द दिला होता. मुखपृष्ठावर वर त्याचं नाव आणि खाली 'चित्रे : कुंदा चितारी'. मोदकाच्या भरात बोलला असेल, पण बोलला होता.

मला ते नाव हवं होतं. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? माझ्या लग्नाची पत्रिका कधी छापली गेली नाही. शाळेत मी 'चित्रकलेच्या बाई'. छापील अक्षरांत आपलं नाव कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं आणि ते एकदा बघायचं होतं.

आमच्या घरात तशी रीत नव्हती, हे खरं. बाबा लाकडी फळं रंगवत. वाडीची लाकडी फळं लोक लांबलांबून येऊन नेतात. बाबांचा आंबा तर असा असे, की पाहुणा नकळत वास घेऊन बघी. पण एकाही आंब्याखाली बाबांचं नाव नसे. मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, आंब्याच्या झाडान कधी नाव घातलाहा? नाव फक्त एकाच वेळी दिसे. एखाद्या फळाचा रंग तडकला, लाख उडाली, की बाजारातला दुकानदार त्याच्या बुडाला खडूनं 'चितारी' असं लिहून ते परत पाठवी. टोपलीत ती परत आलेली फळं बघितली की बाबांचं जेवण उतरत नसे. आई ओल्या फडक्यानं आधी ते नाव पुसून टाकी आणि मगच टोपली त्यांच्यासमोर ठेवी.

तर त्या पिवळ्याकडे येते.

आमच्याकडे दोन जातींचे हरेवे येतात. दोन्ही पानासारखे हिरवे, दोन्ही फळांवर आणि फुलांतल्या मधावर ताव मारणारे, दोन्ही नकलाकार. शिकऱ्याची शीळ घालतील, कोतवालाची कर्कश हाक मारतील. स्वतःचं थोडं आणि दुसऱ्याचं जास्त. त्यांना ओळखायचं ते तोंडावरून. एकाच्या कपाळावर पिकल्या नारिंगाचा सोनेरी टिळा असतो, हनुवटीपासून गळ्यापर्यंत काळं आणि त्यात निळी मिशी. तो सोनकपाळी. दुसरा जर्डनचा हरेवा. त्याला टिळा नाही. नराचा गळा काळा, पण मादीचा गळा फिक्या निळसर रंगाचा, आकाशाची घडी करून ठेवल्यासारखा. हा निळसर गळा एकदा बघितला की विसरत नाही. मी तो बघितला होता, पण आमच्या परसात नाही. दोडामार्गाच्या रानात, ओझरता, चित्र काढण्याइतका वेळ मिळालाच नव्हता. भाई तेव्हा माझ्या पुढे चालत होता, त्याला तोही दिसला नाही.

आणि गोम इथेच होती. जर्डनच्या मादीचं चित्र पुस्तकात नव्हतं. भाईनं मजकुरात मात्र दणकून लिहून टाकलं होतं की लेखकानं ही मादी आपल्याच परसातल्या उंबरावर पाहिली. तो फर्मा, म्हणजे पुस्तकाची तेवढी पानं, छापूनही झाला होता. आता त्याला चित्र हवं होतं आणि उंबरावर एक टिळा नसलेला हिरवा पक्षी येत होता. भाईचा जीव त्या पक्ष्यात अडकला.

मी त्याला सांगितलं की ती मादी नव्हे. माझ्या डोळ्यांदेखत एक सोनकपाळी हरेवा आला, उंबराचा गर ह्याच्या चोचीत भरवला आणि हा पंख थरथरवत 'आणखी दे' म्हणून ओरडत राहिला. टिळा यायचा आहे अजून. गळाही साधा हिरवा, निळसर नाही. खांद्याला निळं आहे ते सोनकपाळ्याचं. आणि चोचीचा कोपरा पिवळा, दूध पिणाऱ्या पोराच्या ओठासारखा. मोठ्या पक्ष्याला असा पिवळा कोपरा नसतो.

भाईनं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्याला हरायचं माहीत नव्हतं. लहानपणी बाबांनी त्याच्या हातात ब्रश दिला, तेव्हा पहिलाच लाकडी पेरू बिघडला आणि त्यानं पुन्हा ब्रशला हात लावला नाही. पुढे शिकून मोठा झाला.

"कुंदा, ऐक," तो म्हणाला. "पुस्तक माझा. पक्षी कसलो ता मी ठरवतलंय. गळ्याक वायच निळो लाव आणि ह्यो पिवळो काढून टाक."

"मी दिसता ता काढतंय," मी म्हटलं. "तू व्हया तर खाली पिल्लू म्हणून लिही."

"पिल्लू लिवलंय तर मादी खंय गेली म्हणान लोक इचारतले."

"मगे नाय दिसली म्हणान सांग. सगळा सगळ्यांक दिसता असा काय?"

ते त्याला झोंबलं. त्यानं चित्र टेबलावर ठेवलं, माझ्या ब्रशांच्या डब्याशी उगाच चाळा केला आणि दाराशी गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "बरां तर. नावाचा काय ता मगे बघूया."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण मला जे कळायचं ते कळलं. पिवळा गेला तर नाव राहील, पिवळा राहिला तर नाव जाईल.

मी त्या दिवशी शाळेत गेले, पोरींना कुंड्या काढायला लावल्या आणि खिडकीत उभी राहिले. एक मोहरीएवढा ठिपका. ओला ब्रश फिरवला की गेला. कोण बघणार आहे? पण तो गेला तर खाली काय उरणार, ते मला दिसत होतं. ना मादी, ना पिल्लू, ना सोनकपाळी, ना जर्डन. असा पक्षी देवानं केलेलाच नाही. आणि खाली नाव कुणाचं? माझं. ज्या नावासाठी एवढा आटापिटा, ते मी एका खोट्या पक्ष्याखाली घालायचं होतं.

मी ठिपका ठेवला. गळ्याला निळाही लावला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच चित्र भाईच्या टेबलावर ठेवलं. त्यानं एकदा बघितलं आणि कोल्हापूरच्या छापखान्यात पाठवायच्या गठ्ठ्यात घातलं. त्याला स्वतःला ब्रश धरवत नव्हता आणि दुसरा चितारी शोधायला वेळ नव्हता. मोहरीएवढ्या ठिपक्याकडे कोण बघतंय, असंही त्याला वाटलं असणार.

पुस्तक आलं. वहिनीनं देवापुढे ठेवून कुंकू लावलं आणि मग माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठावर माझाच हळद्या होता, उंबराच्या फांदीवर, पिवळाजर्द. त्याच्यावर 'प्रा. मुकुंद चितारी'. त्याच्याखाली काहीच नाही. मी आतलं पान उघडलं, तिथेही नाही. मग प्रस्तावना वाचली. प्राचार्यांचे आभार होते, ग्रंथपालांचे होते, छापखान्याच्या मालकांचे होते, रानात वाट दाखवणाऱ्या माणसांचे नावानिशी होते, एवढंच काय, ज्यांच्या जीपमधून फिरला त्यांचेही होते. शेवटी लिहिलं होतं, 'घरच्या मंडळींचे आभार मानून त्यांच्या ऋणातून मुक्त होण्याची माझी इच्छा नाही.'

खरंच, ती त्याची इच्छा कधीच नव्हती.

मी विचारलं. नाही विचारलं असं नाही. तो जेवत होता. म्हणाला, प्रकाशकांनी जागा नाही म्हणून सांगितलं. आणि मग जरा थांबून, आपल्या घरात कधी कोणी कामावर नाव घातलंय का, बाबांनी घातलं होतं का. मी म्हटलं, मग तुझंही काढायला सांग. वहिनीनं घाईघाईनं त्याला आमटी वाढली आणि बोलणं तिथेच बुडालं.

प्रकाशन कॉलेजच्या सभागृहात झालं. मी नवं पातळ नेसून दुसऱ्या रांगेत बसले होते. भाषणं झाली, हार झाले, नारळ झाले. भाई छान बोलला. तो नेहमीच छान बोलायचा. मग अध्यक्षांनी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं, आणि मागच्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ पुस्तक हातात घेऊन उठले. तळवणेकर त्यांचं नाव. जंगल खात्यातून निवृत्त झालेले, उभा जन्म रानात काढलेले. सभेत खोकला आला म्हणून उठलेत की काय असं वाटावं, इतके सावकाश बोलले.

"सर, पुस्तक उत्तम. चित्रं तर फारच उत्तम. एक लहानशी शंका आहे. ही जी जर्डनच्या हरेव्याची मादी म्हणून दिलीय, हे पिल्लू नाही का? चोचीचा कोपरा पिवळा दाखवलाय. आणि गळा निळसर नाही. मला तर हे सोनकपाळ्याचं पोर वाटतंय."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. भाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या; मला मागूनही दिसल्या असत्या. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. सूड म्हणून नव्हे. एका परक्या माणसानं माझा ठिपका बघितला होता आणि त्या ठिपक्यावरून पक्षी ओळखला होता. ज्याच्यासाठी मी नाव घालवलं, ते कुणालातरी पोचलं होतं.

भाई हसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुमची नजर दांडगी आहे, तळवणेकर साहेब. पक्षी मादीच आहे, मी स्वतः पाहिलेली. पण चित्रं माझ्या धाकट्या बहिणीनं काढली आहेत. हौस आहे तिला. रंगकाम करताना कुठे जरा हात सुटतो. बायकांना पिवळा आवडतो, काय करणार."

लोक हसले. लोकांना हसायला निमित्त लागतं, ते त्याला बरोबर देता येत असे. भर सभेत त्यानं पहिल्यांदा सांगितलं की चित्रं माझी आहेत, आणि तेही असं.

तळवणेकर हसले नाहीत. त्यांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. "त्या बाई इथे आहेत का?"

मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या. भाईनं माझ्याकडे बघितलं आणि ती नजर मी अजून विसरले नाही. धाक नव्हता तिच्यात. लहानपणी तो पेरू बिघडल्यावर त्यानं बाबांच्या आधी माझ्याकडे असंच बघितलं होतं.

"बाई, तुम्ही काय पाहिलंत?" तळवणेकरांनी विचारलं.

"मला जे दिसलं ते मी काढलं," मी म्हटलं. "तो पिवळा चुकून पडलेला नाही."

आता याहून स्पष्ट काय सांगायचं? पण सभेचा कान वेगळंच ऐकत होता. भाईनं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "झालं. तिला तसं दिसलं, तिनं तसं काढलं. दिसण्यातच गफलत झाली. घरचीच माणसं, काय बोलणार." पुन्हा हशा झाला. अध्यक्षांनी आभार मानायला माणूस उभा केला. तळवणेकर माझ्याकडे बघत बसले आणि मग पुस्तक पिशवीत घालून, चहा न घेता गेले. मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी चहाच्या घोळक्यात मुद्दाम भाईच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चार लोक ऐकतील अशा आवाजात त्याला म्हटलं, पिल्लूच होतं ते, तुलाही माहीत आहे. तो म्हणाला, घरी बोलू. घरी गेल्यावर त्याचं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरला गेला.

परत आला तो दोन खोकी घेऊन. एका खोक्यात विकायला जायची पुस्तकं, दुसऱ्यात छापून आणलेल्या लहान चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पडवीत माझ्या टेबलावर खोकी ठेवली. वहिनीला मैद्याची खळ शिजवायला सांगितली. मला म्हणाला, पुस्तकं उद्या दुकानांत जायची आहेत, प्रत्येकात हरेव्याच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवायची. "माझ्याकडसून वाकडीतिकडी लागतली. तुझो हात चांगलो."

मला वाटलं, पिल्लू म्हणून दुरुस्ती छापून आणली. खरंच वाटलं. माणूस किती मूर्ख असतो, विशेषतः आपल्या माणसाच्या बाबतीत. मी खळीचं भांडं जवळ ओढलं, पहिलं पुस्तक उघडलं, पान सपाट केलं, चिठ्ठी उचलली, पाठीवर खळ फिरवली आणि लावण्यासाठी उलटी केली तेव्हा वाचली.

'शुद्धिपत्र. जर्डनच्या हरेव्याच्या मादीच्या चित्रात चोचीच्या कोपऱ्याशी दिसणारा पिवळा रंग हा चित्रकार कु. कुंदा चितारी यांच्या अनवधानाने आला आहे. वाचकांनी तो नाही असे समजावे.'

छान टाइप होता. ठळक, स्वच्छ, शाई कुठे पसरलेली नाही. माझं नाव छापील अक्षरांत असं दिसतं तर. 'कु' नंतरचं टिंब जरा मोठं पडलं होतं.

खळ वाळायला लागली. चिठ्ठी माझ्या बोटाला चिकटली. वहिनी दारात उभी होती. तिनं आधीच वाचली असणार, कारण ती माझ्याकडे न बघता पदरानं भांड्याचा काठ पुसत राहिली. मला आईचं ते ओलं फडकं आठवलं. पण आई आता नव्हती आणि छापलेलं नाव फडक्यानं पुसलं जात नाही.

मी गठ्ठा विहिरीत टाकू शकले असते. पुस्तकं फाडू शकले असते. पण चित्रं माझी होती त्यांत. हळद्या माझा होता, हरियाल माझे होते. मी पहिली चिठ्ठी लावली, वरून कोरडं फडकं दाबलं आणि दुसरं पुस्तक उघडलं.

उंबरावर त्या वेळी हरेव्याचं पोर आलं होतं. एव्हाना त्याच्या कपाळावर सोनेरी रंग फुटायला लागला होता, हनुवटीखाली काळं उतरत होतं. भाई पडवीत माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला. त्याच्या समोरच ते बसलं होतं, फळात चोच घालून. मी बोटानं दाखवलं. त्यानं बघितलं की नाही मला माहीत नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता, नीट चौकोनात बसवलेल्या चिठ्ठीकडे. आणि मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं, अगदी खऱ्या मायेनं.

"बघ," तो म्हणाला. "नाव व्हया होता मां तुका? इला शेवटी पुस्तकात."

मी खांदा काढून घेतला नाही. हातात खळीचा ब्रश होता. मी सगळ्या चिठ्ठ्या लावल्या, एकही वाकडी गेली नाही. त्यानंतर मात्र मी भाईसाठी एक पीसही काढलं नाही. पुढे मी शाळेजवळ खोली घेतली. भाईनं अनेकदा विचारलं की माझं काय बिनसलं, आणि त्याला ते खरंच कळलेलं नव्हतं.

पुस्तक चांगलं खपलं. भाई गेल्यावर त्याच्या मुलानं दुसरी आवृत्ती काढली, गुळगुळीत कागदावर, आणि एक प्रत माझ्या दारात आणून दिली. मी हरेव्याचं पान उघडलं. चोचीचा कोपरा हिरव्यानं सारवलेला होता, इतका सफाईनं की शोधूनही जोड दिसेना. शुद्धिपत्राची आता गरज नव्हती, म्हणून ते काढून टाकलं होतं.